नोटिसांच्या मधली जागा

ऑपरेटर मावशींच्या हातात कागद दिला की त्या तो आधी वाचायच्या नाहीत, मापायच्या. कागद लांब धरून एक डोळा बारीक करायच्या आणि सांगायच्या, "नऊ सेंटीमीटर." माझ्या पहिल्या कवितेला मिळालेला पहिला अभिप्राय तो हा. आमची शेळी लांडग्यानं नेली तेव्हा मी ती कविता तीन दिवस रडत लिहिली होती, आणि या बाईंनी माझं सगळं दुःख एका कॉलमात नऊ सेंटीमीटर करून टाकलं. मी फुरंगटून बसले तर म्हणाल्या, "आगं, मापल्याबिगर बसवू कुठं? मन आसंल तुजं मोठं, कॉलम हाय तेवढाच हाय." अंक हातात पडल्यावर मी सगळ्यात आधी कंपासपेटीतली पट्टी काढून कविता मोजली. बरोबर नऊ भरली.

कळंबला स्टँडच्या मागच्या गल्लीत एका साप्ताहिकाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक तेच संपादक, तेच वार्ताहर आणि कुणी पुढारी आले की तेच फोटोग्राफर. बाकीचं सगळं मावशींकडे. कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा, पानं लावायची आणि बुधवारी छपाईला बाहेरगावी धाडायची. साप्ताहिक चालायचं ते जाहीर नोटिसांवर. कुणी जमीन विकतंय, कुणाचा दाखला हरवलाय, कुणी नाव बदललंय, अशांना पेपरात नोटीस द्यावी लागते आणि तो अंक जपून ठेवावा लागतो. त्यामुळं त्या साप्ताहिकाला वाचक नव्हते, गरजू होते. नोटिसा कमी आल्या की तिसऱ्या पानावर जागा उरायची. मालक म्हणायचे, "टाका काहीपण." त्या 'काहीपण'च्या जागी मावशींनी आम्हाला टाकलं.

आम्ही म्हणजे आठवी ते बारावीतली पोरं. लिहायची खाज असलेली आणि छापायला जागा नसलेली. मोठ्या शहरातल्या पेपरांच्या मुलांच्या पानाला आम्ही थोराड आणि मोठ्यांच्या पानाला पोरकट. पाकिटाला तिकीट लावून पाठवलेलं काही परत यायचं नाही, आणि छापूनही यायचं नाही. शाळेच्या वार्षिकात मुख्याध्यापकांचं मनोगत आणि पहिल्या तीन नंबरांचे फोटो. मग कुणीतरी कुणालातरी सांगायचं, स्टँडमागं एक बाई आहे, ती घेते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात मोबाइल असायचा, पण तो वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात. आम्हा मुलींना जग गाठायचं तर ते मावशींच्या टेबलावरूनच.

त्यांची अट एकच होती. खाली स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, इयत्ता, शाळा, गाव. यातलं एक राहिलं तरी कागद परत. एका मुलीनं कवितेखाली 'चांदणी' असं टोपणनाव लिहून आणलं तर मावशींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "चांदणी कोन? रेशनकार्डावर हाय का ती?" मुलगी लाजून लाल झाली. तिचं खरं नाव, पाच ओळींत मावतं न मावतं तेवढं, कवितेपेक्षा ठळक अक्षरात छापून आलं. आम्हाला मावशी हाकसुद्धा तशीच मारायच्या. मी दारात दिसले की "या, वैशाली दत्तात्रय," असं गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

या अटीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कीबोर्डवर बोटं चालूच ठेवून. मावशी मूळच्या सास्तूरकडच्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. आई आणि दोन भाऊ गेले. वाचलेले लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा बाहेरून कुणीतरी आलं, मुलांकडून 'मनातलं' लिहून घेतलं आणि त्याची पुस्तिका छापली. मावशींचं लिखाण पहिल्या पानावर होतं. खाली छापलं होतं, 'एक भूकंपग्रस्त मुलगी'. "शेडाशेडानं दावत फिरले मी, हे म्या लिवलंय म्हणून," मावशी म्हणाल्या. "लोक म्हणायचे, कशावरनं? मुलगी तर हितं परत्येक शेडात हाय. त्यात आईचं नाव व्हतं, भावांची व्हती. माझं तेवढं न्हवतं." एवढं बोलून त्यांनी पुढची नोटीस ओढली.

नोटिसांशी मात्र त्यांचं हे असं काही नव्हतं. नोटीस त्या वाचायच्याच नाहीत. कागद डावीकडे टाचलेला, नजर त्यावर, बोटं खटखट चाललेली आणि तोंडानं आमच्याशी गप्पा. एका बैठकीत आठ-दहा नोटिसा उतरवायच्या आणि उठल्यावर विचारलं, मावशी, कुणाची होती हो, तर त्यांना गावसुद्धा सांगता यायचं नाही. मला फार नवल वाटायचं. त्या म्हणायच्या, "नोटीस वाचायची न्हाय, उतरायची. वाचाय गेलं की हात अडकतो." जे लिहिताना लिहिणाऱ्याला काहीच वाटलं नाही ते आपण कशाला वाचावं, असा त्यांचा रोकडा हिशेब. पोरांचं लिखाण मात्र मापून झाल्यावर त्या अक्षर न् अक्षर वाचत.

शिवकन्या दहावीत माझ्याच बाकावर बसायची. वडील ती चौथीत असताना वारले. तेव्हापासून आई, ती आणि धाकटा भाऊ चुलत्यांच्या घरात. चुलते म्हणतील तसं. पोरगी अबोल, पण अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहायला सर तिलाच उठवायचे. जानेवारी सरता सरता एके दिवशी तिनं वहीतली चार पानं माझ्या दप्तरात सरकवली आणि म्हणाली, "घरी जाऊन वाच. हितं नगं." लेखाचं नाव होतं 'पाहुणे'. सुरुवात अशी होती: 'पाहुणे येणार म्हणून मला इतिहासाच्या तासातून घरी बोलावून घेतलं. साडी काकूची होती, त्यामुळं ती मला दोन वेळा गुंडाळावी लागली.' पुढं चुलत्यांनी तिचं वय एकोणीस सांगितलं ते होतं, पाहुण्यांनी तिला चालून दाखवायला लावलं ते होतं. रडणं कुठंच नव्हतं. मी ते वाचलं आणि मला माझ्या शेळीच्या कवितेची लाज वाटली.

लग्न ठरलं होतं उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर. तिला लग्नच नको होतं. तिला अकरावीला धाराशिवला जायचं होतं. मी म्हणाले, हे छापू. छापून आलं की सर वाचतील, मॅडम वाचतील, कुणीतरी घरी येऊन चुलत्यांना बोलेल. सोळाव्या वर्षी माझी अशी ठाम समजूत होती की एखादी गोष्ट छापून आली की ती सगळ्या जगाला कळते. मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मावशींकडे गेलो.

त्या दिवशी मावशी मापायचं विसरल्या. उभ्यानंच वाचायला लागल्या. वाचून झाल्यावर पहिलं पान पुन्हा वर घेतलं. मग खाली बसल्या.

"बावीस भरंल," त्या म्हणाल्या. "एवढी जागा म्या अजून कुणाला दिली न्हाय." मग विचारलं, "आई काय म्हणती?"

"आईला कोन इचारतंय?" शिवकन्या म्हणाली. आणि खाली बघत, "मावशी, नाव नका टाकू."

मावशींनी कागद टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत. तिला जवळ ओढून म्हणाल्या, "लेकरा, बिननावाचं छापलं तर ती कुणाचीच गोष्ट ऱ्हात न्हाय. लोक म्हणतेत, आसतेत आशा मुली. तुजं नाव, तुजी शाळा दिसली की मानूस हलतंय. तुला कुणी हलावं असं वाटतंय न्हवं?"

मीही लगेच री ओढली. आम्ही दोघीही तिच्या बाजूच्या होतो आणि दोघींनी मिळून तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं, हे मला आज कळतं. शिवकन्येनं टेबलावरची पानं सारखी केली. मग म्हणाली, "टाका. आमच्या घरी कोन पेपर वाचतंय तसंबी." यावर आम्ही तिघी हसलोसुद्धा.

त्याच दिवशी सकाळी मावशींनी एक नोटीस उतरवली होती. एका जमिनीचा खरेदीचा व्यवहार, कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, नेहमीचंच. गाव शिवकन्येचं. आडनाव शिवकन्येचं. जमीन विकणारे तिचे चुलते. सकाळी बोटांनी ते नाव टाइप केलं आणि संध्याकाळी पोरीचं नाव टाइप केलं, आणि मावशींना काही दिसलं नाही. बुधवारी पान लावताना त्यांनी तिसऱ्या पानावर नोटीस वर घेतली आणि तिच्या खाली, उरलेल्या जागेत, लेख. तेच गाव, तेच आडनाव, बोटभर अंतरावर.

मी माझा अंक नेऊन शाळेत सरांच्या टेबलावर ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता. त्यावर प्रात्यक्षिकाच्या वह्यांचा ढीग आला. आमच्या आख्ख्या शाळेत तो लेख कुणी वाचला नाही. गल्लीत कुणी वाचला नाही. वाचला तो एकाच माणसानं. वकिलांनी सांगितलं होतं म्हणून तो बाजारच्या दिवशी मुद्दाम अंक घ्यायला आला होता, आणि आपली नोटीस बरोबर आली आहे का बघायला त्यानं तिसरं पान उघडलं.

सोमवारी शिवकन्येची जागा रिकामी होती. कुणी म्हणालं, आजारी आहे. कुणी म्हणालं, मामाच्या गावाला गेली. मी मावशींकडे पळत गेले. त्यांनी जुना अंक काढला, तिसरं पान टेबलावर पसरलं आणि त्या नोटिशीवर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्यांदाच ती वाचली. वाचून झाल्यावर बोट तिथंच राहिलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "चल, यष्टी गाठू."

चुलते ओट्यावरच बसले होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमीच का पेपरवाल्या?" ते म्हणाले. "आमी नोटीस दिली म्हणून पेपर घेतला. घरची अब्रू वाचाया मिळंल असं वाटलं न्हवतं."

"पोरगी कुठंय?" मावशींनी विचारलं.

"पोरगी हाय तिथं बरी हाय. आमी परीक्षेपत्तोर थांबणार व्हतो, बाई. सोयऱ्यांनीबी व्हय म्हणलं व्हतं. आता त्यांच्या कानावर जायच्या आधी उरकाय पायजे. घाई तुमीच केली आमाला."

आम्ही फाट्याकडे चालत निघालो तर मागून शिवकन्येची आई आली. धापा टाकत, डोक्यावरचा पदर सावरत. ती भांडेल असं मला वाटलं. तिनं मावशींचा हात धरला. "बाई, मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय तिनं, सांगा की." मावशींनी पिशवीतून अंक काढला आणि रस्त्याच्या कडेला, उन्हात उभ्यानं, सगळा लेख तिला वाचून दाखवला. बाई मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "समदं खरं हाय," आणि आली तशी परत गेली. पोरीला कुठं नेलंय हे तिलाही सांगितलेलं नव्हतं.

बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकांना असतो म्हणून मावशी त्यांना भेटल्या. तो माणूस भला होता, त्यानं लेख वाचलासुद्धा. पण म्हणाला, "मावशी, लग्न कुठं हाय, कधी हाय, ते सांगा. मी आत्ता निघतो." आम्हाला ते माहीत नव्हतं. मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनीही गावच विचारलं. आठ दिवसांनी कळलं, परंड्याकडच्या एका वस्तीवर लग्न उरकलं. मार्चमध्ये परीक्षेला आमच्या वर्गात एक बाक रिकामं होतं. आम्ही काही केलं नसतं तर निदान त्या सगळ्या पेपरांना ती माझ्या पुढं बसली असती. ही गोष्ट मी कितीदा तरी उलटसुलट करून पाहिली आहे, ती तेवढीच राहते.

मालकांनी पोरांचं छापणं बंद केलं. त्या जागी राशिभविष्य आलं. मावशींना काढून टाकलं नाही, पण मावशींचं काम बिघडलं. त्या आता प्रत्येक नोटीस वाचायला लागल्या. एकेक नाव, गाव, आडनाव ओठ हलवत वाचायच्या, मागच्या नोटिशीशी ताडून बघायच्या, आणि हात खरंच अडकायचा. पान वेळेवर निघेना. मालक ओरडायचे, मावशी ऐकून घ्यायच्या. पोरं तरीही कागद घेऊन येतच होती. मावशी वाचायच्या आणि परत द्यायच्या. "चांगलंय. घरी जपून ठिव."

अकरावीत मी एक कथा घेऊन गेले तेव्हा मलाही तेच सांगितलं. मी भडकले. मालकांशी भांडा, पानं वाढवा, तुमच्या एका चुकीपायी आम्हा सगळ्यांची तोंडं का बांधता, असं बरंच बोलले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या चुकीत तूबी व्हतीस, वैशाली." पहिल्यांदाच त्यांनी माझं नुसतं नाव घेतलं, वडलांचं जोडलं नाही. ते खरं होतं म्हणून मला सहन झालं नाही. त्यानंतर मी पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मावशींना साखर होती हे मला कुणाकडून तरी कळलं. डोळे जातायत हेही कळलं. मी गेले नाही. याची मला शरम वाटते आणि ती वाटायलाच हवी.

मी आता परंडा तालुक्यात शिक्षिका आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी स्टँडवर गाडीची वाट बघत होते, तर शेजारच्या बाकावर शिवकन्या. मांडीवर पोर, हाताशी सहा-सात वर्षांची मुलगी. तिनंच मला आधी ओळखलं. आम्ही दोघी काय बोलावं न कळून मुलीच्या शाळेबद्दल बोललो. मग ती घाईघाईनं, स्टँडच्या दाराकडं बघत म्हणाली, "तुला एक सांगते, रागावू नगंस. तो पेपर ह्यांच्या घरी पोचलाच शेवटी. लई झालं त्यावरनं. मग म्या सांगितलं, ते म्या लिवलंच न्हाय. मैत्रिणीनं लिवलं आणि खोडी म्हणून माझं नाव टाकलं. तुझं नाव सांगितलं. तवापास्नं थांबलं."

मी काही बोलायच्या आत तिचा नवरा केळी घेऊन आला. "ह्या कोन?" त्यानं विचारलं. शिवकन्येनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "त्याच, वैशाली." तो मला खालून वर बघत राहिला. "तुमीच का ते लिवलं व्हतं?"

"हो," मी म्हणाले. "मीच."

तो म्हणाला, "शिकल्यालं मानूस आसं करतंय व्हय?" मी मान खाली घातली. कुर्डुवाडीची गाडी लागली, ती चौघं चढली. शिवकन्येनं खिडकीतून वळून पाहिलं नाही आणि तेच बरोबर होतं.

दुसऱ्याच रविवारी मी लोहाऱ्याला गेले. मावशी तिथं बहिणीकडं होत्या. साप्ताहिक कधीच बंद पडलेलं. खाटेवर बसल्या होत्या, दृष्टी पूर्ण गेली होती, आवाजावरून मला ओळखलं. मी काही लपवलं नाही. शिवकन्या काय म्हणाली, नवरा काय म्हणाला, मी काय म्हणाले, सगळं सांगितलं. ज्या बाईनं पोरांच्या लिखाणाला कधी खोटं नाव लागू दिलं नाही, ती आता काय म्हणेल, याची मला भीती वाटत होती.

"व्हय म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

"म्हणले."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "तुझ्याच नावावर ऱ्हाऊ दे." आणि त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहत होते. मीही रडले. मी माफी मागितली, त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. दोन महिन्यांनी त्या गेल्या. ती आमची शेवटची भेट.

त्या भेटीत मी निघायला उठले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बस. ऐक." आणि त्यांनी 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. इतिहासाचा तास, काकूची साडी, एकोणीस वर्षं, अंगणात चालून दाखवणं, एक शब्द इकडचा तिकडं न होता. घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी इतकी वर्षं विसरलेलं शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं: 'पाहुणे गेल्यावर मी वही उघडली, माझा बैठक क्रमांक मला पाठ झाला आहे.' मग त्या थांबल्या. खाली नाव होतं, वडलांचं नाव, आडनाव, इयत्ता, शाळा, गाव. त्यांचे ओठ नुसते हलले. बहिणीच्या सुनेनं विचारलं, "मावशी, कुणी लिवलंय हो हे?" मावशींनी तिला उत्तर दिलं नाही.